जुहू चौपाटीजवळ कमी भाड्यात राहायचं तर समुद्र दिसण्याचे पैसे देऊ नका

जुहूच्या आसपासच्या स्वस्त हॉटेलांत आणि गेस्ट हाउसांत राहणं परवडतं, आणि नीट निवड केली तर सुखाचंही होतं. मात्र बहुतेक लोक नेमकी चुकीची गोष्ट बघून खोली घेतात. फोटोत समुद्र दिसतो, 'बीचपासून दोन मिनिटं' असं लिहिलेलं असतं, आणि बुकिंग होतं. रात्री झोप लागेल की नाही हे मात्र खिडकी कुठे उघडते, नळाला पाणी कसलं येतं आणि एसीचं बाहेरचं यंत्र खाऱ्या हवेत किती गंजलंय यावर ठरतं. म्हणून समुद्रापेक्षा या तीन गोष्टींबद्दल जास्त लिहिलं आहे.

आधी जागा समजून घेऊ. जुहू तारा रोड किनाऱ्याला समांतर जातो. रस्त्याच्या पश्चिमेला, थेट वाळूला लागून, बहुतेक मोठी तारांकित हॉटेलं आणि बंगले आहेत. कमी भाड्याची हॉटेलं प्रामुख्याने रस्त्याच्या पूर्वेला, आतल्या गल्ल्यांत, इर्ल्याच्या बाजूला आणि पार्ले-सांताक्रूझ पश्चिमेला एस. व्ही. रोडच्या आसपास सापडतात. 'बीच हॉटेल' अशी पाटी असली तरी मध्ये एक भरपूर रहदारीचा रस्ता आणि समोरची इमारत असते, हे धरूनच चालावं. दोघांसाठी एसी खोली एरवीच्या दिवसांत साधारण अडीच ते चार हजारांत मिळते. शुक्रवार रात्र, शनिवार, सलग सुट्ट्या आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा यांत हेच भाडं बरंच वर जातं. जून ते सप्टेंबर भाव उतरतात. १५ ऑगस्ट आणि गणपतीचे दिवस तेवढे वगळायचे.

आमच्या मते सगळ्यात चांगला सौदा म्हणजे रस्त्यापासून एक-दोन गल्ल्या आत, दुसऱ्या किंवा तिसऱ्या मजल्यावरची, मागच्या बाजूची खोली. चालत चौपाटीला सात-आठ मिनिटं जास्त लागतात आणि त्या बदल्यात शांतता मिळते. रस्त्याकडची खोली शनिवारी रात्री एक-दीडपर्यंत हॉर्न ऐकवते. तळमजल्यावर आणि पहिल्या मजल्यावर स्वयंपाकघराची चिमणी, जनरेटर किंवा पार्किंगचा आवाज येतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर उन्हाळ्यात स्लॅब तापलेला असतो आणि एसी रात्री दहापर्यंत हरत राहतो.

आवाजाचा आणखी एक हिशेब जुहूपुरता खास आहे. सांताक्रूझ विमानतळाच्या मुख्य धावपट्टीवरून पश्चिमेकडे उडणारी विमानं जुहू कोळीवाड्याच्या बाजूने समुद्रावर जातात. म्हणजे चौपाटीच्या दक्षिणेला, सांताक्रूझच्या टोकाला राहिलात तर विमानांचा आवाज जास्त. शिवाय इथेच १९२८ साली सुरू झालेला जुहूचा जुना विमानतळ आहे. जेआरडी टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन विमान आणलं ते इथेच. आता तिथून हेलिकॉप्टरं उडतात, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसं नेणारी, आणि त्यांची वर्दळ सकाळपासून असते. झोप हलकी असेल त्यांनी चौपाटीच्या उत्तरेला, गांधीग्राम आणि जेव्हीपीडी (जुहू-विलेपार्ले वसाहत) यांच्या बाजूला शोधावं.

बुकिंगच्या ॲपवरचे फोटो बहुधा नूतनीकरण केलेल्या एक-दोन खोल्यांचे असतात. त्यामुळे पैसे भरण्याआधी हॉटेलच्या काउंटरला थेट फोन करावा आणि उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून घ्यावीत. पहिला प्रश्न: खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, की डक्टमध्ये उघडते? स्वस्त खोल्यांत डक्टची खिडकी हा सगळ्यात मोठा फसगतीचा मुद्दा आहे. पडदा असतो, काच असते, पण पलीकडे सांडपाण्याचे पाइप आणि इतर बाथरूमचे एक्झॉस्ट पंखे असतात. दुसरा प्रश्न: चेक-आउट दुपारी बाराला की चोवीस तासांचा? जुन्या लॉजमध्ये अजून चोवीस तासांची पद्धत आढळते. रात्री अकराला पोचणाऱ्या माणसाला ती फार फायद्याची, कारण दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत खोली आपली. तिसरा: एक्स्ट्रा बेड म्हणजे खाट की जमिनीवर गादी, आणि त्याचे किती? चौथा: गाडी असेल तर पार्किंग आवारात की रस्त्यावर? जुहूत रस्त्यावर गाडी लावली तर टोइंगची धास्ती कायम राहते.

पाचवा प्रश्न मुंबई-ठाण्याच्याच लोकांसाठी. 'लोकल आयडी' म्हणजे मुंबईचा पत्ता असलेलं ओळखपत्र असेल तर खोली न देण्याची पद्धत इथे बऱ्याच हॉटेलांत आहे. लग्न न झालेल्या सज्ञान जोडप्याने हॉटेलात राहू नये असा कुठलाही कायदा नाही. हा त्या-त्या हॉटेलचा नियम असतो. पण रात्री दहाला काउंटरवर वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून आधी विचारून घ्यावं. ओळखपत्र खोलीत राहणाऱ्या प्रत्येक सज्ञान माणसाचं लागतं. आधार द्यायचं असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्यावं, किंवा वाहन परवाना द्यावा.

आता खोलीत शिरल्यावर. सामान उघडण्याआधी दहा मिनिटं तपासणीला द्या, आणि ती संपेपर्यंत बॅगा गादीवर किंवा गालिच्यावर न ठेवता टेबलावर किंवा बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेवा. कारण ढेकूण. मोबाइलचा टॉर्च लावून गादीची शिवण चारही कोपऱ्यांत उलटून पाहायची, मग डोक्याकडच्या फळीची भिंतीकडची बाजू. बॉलपेनची शाई टेकवल्यासारखे बारीक काळे ठिपके दिसले, की गादी बदलून मागू नका, खोलीच बदलून मागा, आणि तीही शेजारची नको. ढेकूण भिंतीतल्या फटींतून आणि वायरिंगच्या पाइपातून शेजारच्या खोलीत जातात.

एसी लगेच चालू करून १८ वर लावा आणि बाकीची तपासणी होईपर्यंत चालू ठेवा. किनाऱ्याजवळच्या एसीचं दुखणं वेगळं असतं. बाहेरच्या यंत्रात ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची जाळी असते. खारी हवा ती जाळी खाते. आधी पांढरट पूड धरते, मग बोट लावलं तरी पाती चुरा होऊन गळतात. तांब्याच्या नळीला बारीक छिद्र पडून गॅस कमी होतो. असा एसी आवाज करतो, वारा देतो, पण गारवा देत नाही. दहा-पंधरा मिनिटांनंतर खोलीतल्या यंत्रासमोर हात धरला तर हवा बोचेल इतकी गार लागली पाहिजे. नुसती पंख्यासारखी लागली तर 'सर्व्हिसिंग कालच झालंय' या उत्तरावर थांबू नका; सर्व्हिसिंगने फिल्टर साफ होतो, गंजलेली जाळी नवी होत नाही. आतल्या यंत्रातून भिंतीवर पाण्याचा ओघळ दिसत असेल तर ड्रेन पाइप तुंबलाय. हे काम हॉटेलचा माणूस अर्ध्या तासात करू शकतो, त्यासाठी खोली सोडायची गरज नाही.

वीज जाण्याची फारशी काळजी इथे करावी लागत नाही, त्यामुळे 'जनरेटर आहे' या जाहिरातीला वजन देऊ नका. खोलीतला दिवा गेलाच तर कारण बहुधा खोलीतलंच असतं: एसी आणि गिझर एकाच वेळी चालू केल्यावर एमसीबी पडतो. दाराजवळच्या पेटीत खाली आलेला खटका वर करायचा आणि अंघोळ होईपर्यंत एसी बंद ठेवायचा.

बाथरूममध्ये आधी नळ सोडून साबण चोळून पाहा. फेस होत नसेल आणि ओठाला लावल्यावर किंचित खारट लागत असेल तर बोअरिंगचं पाणी आहे. किनाऱ्यालगत जमिनीखालचं पाणी मचूळच असतं. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळच येतं, टाकी संपली की काही ठिकाणी बोअरिंगचं पाणी सगळ्या नळांना जोडतात. फ्लशला ते चालतं, केसांना नाही. बेसिनला महापालिकेचं आणि शॉवरला बोअरिंगचं अशी जोडणी असेल तर बादलीसाठी बेसिनच्या बाजूचा नळ वापरावा. पिण्यासाठी सीलबंद बाटली किंवा पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राचं पाणी. खोलीत ठेवलेल्या जगमधलं पिऊ नका.

गिझरवर किती लिटरचा ते लिहिलेलं असतं. १५ लिटरचा, २ किलोवॉटचा गिझर पूर्ण तापायला साधारण २० मिनिटं घेतो आणि गार पाणी मिसळून दोन बादल्या होतात. म्हणजे चौघांच्या कुटुंबाने सकाळी सातला एकामागून एक अंघोळ करायची म्हटली तर दोघांनंतर वीस मिनिटं थांबावं लागणारच. गिझरमध्ये बिघाड नसतो. ३ लिटरचा इन्स्टंट गिझर असेल तर नळ अर्धाच सोडायचा, पूर्ण सोडला की पाणी कोमट येतं. काही ठिकाणी गरम पाणी फक्त सकाळी ठरावीक तासांतच सोडतात, ती वेळ काउंटरवर विचारून घ्या.

बाथरूमला कुबट वास येत असेल तर त्याचं सगळ्यात साधं कारण फरशीवरच्या जाळीखाली असतं. जाळीखालच्या ट्रॅपमध्ये दोन-तीन इंच पाणी कायम उभं असावं लागतं. तेच पाणी गटाराची हवा अडवतं. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की ते उडून जातं. जाळीवर हळूहळू एक मग पाणी ओता आणि दार बंद करून दहा मिनिटं थांबा. वास गेला तर ठीक. नाही गेला तर बहुधा ट्रॅपमध्ये वाळू बसलेली आहे. चौपाटीवरून आलेला प्रत्येक पाहुणा पाय त्याच जागी धुतो, वाळू जड असल्यामुळे वाहून न जाता तळाशी साचते आणि पाणी तुंबू लागतं. ट्रॅप उघडून साफ करायला सांगावं, आणि आपणही खोलीत वाळू न आणण्याची शिस्त पाळावी. बऱ्याच हॉटेलांत आवारात पाय धुवायचा नळ असतो. मुलांच्या अंगावरची ओली वाळू आधी वाळू द्यायची, मग टाल्कम पावडर भुरभुरून कोरड्या पंचाने झटकायची. ओली असताना घासली तर चिकटते आणि कातडी लाल होते.

दाराची कडी स्वतः लावून पाहा. खाऱ्या हवेने बोल्ट गंजतो आणि खाचेत पूर्ण न जाता अर्ध्यातच अडकतो. बाहेरून ढकललं तर उघडतो. एकट्या बाईने राहायचं असेल तर ही तपासणी सगळ्यात आधी करावी, मग दाराचं भिंग आणि साखळी. खिडकीची सरकती काचही एकदा पूर्ण बंद करून पाहा. खोबणीत वाळू-माती बसली की ती शेवटच्या दोन बोटांवर अडते आणि तेवढ्या फटीतून रात्री डास येतात. चादरी दमट लागल्या तर समोर बदलून घ्या. पावसाळ्यात धुतलेली चादरही पूर्ण वाळत नाही, त्यामुळे एक चादर आणि एक पंचा घरून न्यावा. वजन अर्धा किलो, उपयोग फार.

जिना एकदा पायी उतरून पाहा, आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच. खाली उतरण्याच्या वाटेवर गाद्यांचे ढीग किंवा कपड्यांची पोती रचलेली असतील तर त्या हॉटेलात राहू नका, बाकी सगळं कितीही चांगलं असो.

बिलाबद्दल. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत भाडं असलेल्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्याआधी १२ टक्के होता. तीन हजारांच्या खोलीवर दीडशे रुपये, म्हणजे ३,१५० व्हायला हवेत. जुन्या दराने ३,३६० लावले असतील तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या आणि जीएसटी क्रमांक छापलेलं बिलच मागा. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप जोडला असेल तर तो देणं बंधनकारक नाही. 'ब्रेकफास्ट फ्री' म्हणजे या भाड्यात पोहे किंवा उपमा, ब्रेड-बटर, उकडलेली अंडी आणि चहा. आठ ते साडेआठच्या आत गेलात तर गरम मिळतं. त्याचे वेगळे तीनशे मागत असतील तर नको म्हणा. पार्ल्यात चालत गेलं तरी उडप्याकडे त्याहून चांगली इडली कमी पैशांत मिळते.

चौपाटीवर खाताना मेन्यू हातात घेऊन बोलावणाऱ्यांच्या मागे न जाता स्टॉलवरचा दरफलक आधी वाचावा. पावभाजी समोर तव्यावर होते, ती खायला सगळ्यात सुरक्षित. गोळा आणि उसाच्या रसाचा धोका बर्फात असतो. लहान मुलांना ते देणं टाळावं.

ज्या किनाऱ्यासाठी आलो, तो कोणत्या वेळी कसा असेल हे बघून तारीख ठरवणारे फार थोडे. जुहूची वाळू फार सपाट आहे, त्यामुळे भरती-ओहोटीने पट्ट्याची रुंदी प्रचंड बदलते. कोकणातला जुना हिशेब मुंबईलाही लागू पडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा, प्रत्यक्षात बाराच्या आगेमागे. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. यातून निघणारी कामाची गोष्ट अशी: मुलांना संध्याकाळी वाळूत खेळवायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या आसपास या. दुपारी बाराला पाणी वर चढून जातं आणि संध्याकाळी सहाला विस्तीर्ण ओली, घट्ट वाळू उघडी पडलेली असते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी फार वर चढत नाही, पण नेमक्या गर्दीच्या वेळी पट्टा अरुंद होतो आणि माणसांची दाटी होते.

पोहण्यासाठी मात्र जुहू नाही. नाल्यांचं पाणी याच समुद्रात येतं. पाय भिजवण्यापुरतं ठीक. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असेल त्या दिवशी पाण्याजवळही जाऊ नये. महापालिका अशा दिवसांची यादी आधीच जाहीर करते आणि जीवरक्षक शिट्टी मारतात तेव्हा ती ऐकावी. याच महिन्यांत वाळूवर डांबराचे काळे गोळे येतात, चपलेला लागले तर पाण्याने निघत नाहीत, खोबरेल तेल लावून पुसावे लागतात. निळसर फुग्यासारखे ब्लू बॉटल, म्हणजे जेलीफिशसारखे जीव, वाहून येतात. मेलेला दिसला तरी त्याचे धागे डंख करतात, मुलांना हात लावू देऊ नका.

गणपतीत दीड, पाच, सात दिवसांच्या विसर्जनाला आणि अनंत चतुर्दशीला जुहूकडच्या रस्त्यांवर वाहतुकीचे निर्बंध असतात. त्या दिवशी दुपारनंतर पोचणार असाल तर सामान घेऊन बरंच अंतर चालावं लागेल. विसर्जन पाहायलाच येत असाल तर सकाळी खोली ताब्यात घ्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गाडी हलवायची नाही असं धरून चाला.

पोचण्यासाठी कोल्हापूर, नाशिक, नागपूरकडून येणाऱ्यांनी दादरला उतरून पश्चिम रेल्वेची स्लो लोकल पकडावी आणि पार्ल्याला पश्चिमेला उतरावं. फास्ट गाड्या एरवी पार्ल्याला थांबत नाहीत, अंधेरीला थांबतात. स्टेशनपासून चौपाटी साधारण तीन किलोमीटर. रिक्षाचं किमान भाडं पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला सतरा-साडेसतरा. म्हणजे मीटरने पन्नास-साठ रुपये होतात. दीडशे सांगणाऱ्याला नकार देऊन पुढच्या रिक्षाकडे जा. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच सव्वापट भाडं कायदेशीर आहे. रिक्षा माहीम-शीवच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे रोज फोर्ट किंवा दादरला काम असेल तर जुहूला राहूच नका, रोजचे तीन तास प्रवासात जातील.

अंधेरी-वर्सोव्यात ऑडिशन असणाऱ्यांना, पार्ल्यातल्या नानावटी किंवा कूपर रुग्णालयात माणूस दाखल असणाऱ्यांना, पृथ्वी थिएटरला किंवा पार्ले पूर्वेच्या दीनानाथ मंगेशकर नाट्यगृहात प्रयोग असणाऱ्यांना, आणि पहाटेचं विमान असणाऱ्यांना ही जागा खरोखर सोयीची. रुग्णालयासाठी येणाऱ्यांनी चौपाटीचा नाद सोडून एस. व्ही. रोडकडची खोली घ्यावी आणि आठवड्याचं भाडं ठरवून घ्यावं. सात दिवस राहणार म्हटल्यावर काउंटरवर भाव कमी होतो, ॲपवर होत नाही.

विमानासाठी निघताना तिकिटावर टर्मिनल टी १ आहे की टी २ हे आदल्या रात्रीच बघा. टी १ साधारण पाच किलोमीटर, टी २ आठ. पहाटे चारला पंधरा आणि पंचवीस मिनिटं पुरतात, सकाळी नऊला तिप्पट धरा. बिल आणि डिपॉझिटचा हिशेब झोपण्याआधी मिटवून टाका. पहाटे काउंटरवर झोपलेल्या मुलाकडे गल्ल्याची किल्ली नसते आणि पाचशेचं डिपॉझिट तिथेच राहून जातं.